घरातून दिसणारे नागपूरचे हिवाळी पक्षी

नागपुरात हिवाळी पक्ष्यांचा विषय निघाला, की बोलणे आपोआप तलावांकडे वळते. अंबाझरी, गोरेवाडा, सायकी, झिलपी, पारडगाव ही नावे घेतली जातात. पट्टकदंब उतरले का, तलवार बदके आली का, चक्रवाक दिसले का, अशी चौकशी होते. ज्याला रविवारी अंधारात उठून गाडी काढणे जमत नाही, त्याने या छंदाच्या वाटेला जाऊ नये, असा एक समज त्यातून नकळत तयार होतो. मी स्वतः तलावांवर जाते आणि यापुढेही जाईन. पण गेल्या काही हिवाळ्यांत पक्ष्यांविषयी मला जे खरोखर कळले, त्यातले बरेचसे प्रतापनगरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून आणि गच्चीवरून कळले. तलावावर आपण पक्षी पाहून परत येतो. घरून तोच एक पक्षी ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत रोज पाहता येतो, आणि त्यामुळे तो ओळखीचा होतो.

आमच्याकडे हा मान थिरथिऱ्याचा आहे. चिमणीएवढा, पण अंगाने सडपातळ आणि उभट बसणारा हा पक्षी हिमालय, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंच, उघड्या, खडकाळ प्रदेशात वीण करतो आणि हिवाळ्यासाठी भारताच्या मैदानी भागात उतरतो. नागपुरात तो दसरा-दिवाळीच्या सुमारास हजर होतो. खडकांत वाढलेल्या पक्ष्याला सिमेंटच्या वस्तीचे वावडे कसे नाही, असे कोणालाही वाटेल. पण पाण्याची टाकी, सोलर हीटरची चौकट, अर्धवट बांधकामातून वर आलेल्या सळया आणि गच्चीचा कठडा या सगळ्यांत त्याला हवे ते मिळते, म्हणजे बसायला एक मोकळी, उंच जागा आणि खाली उघडी जमीन. नराचे डोके, पाठ, गळा आणि छाती काळी, पोट विटकरी. मादी सगळी मातकट तपकिरी. शेपटी मात्र दोघांचीही विटकरी असते आणि बसल्या जागी ती सारखी थरथरत राहते. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर बांधकामाचा मलबा पडलेला आहे. तिथे मुंग्या, भुंगेरे, अळ्या यांची वाण नाही. कठड्यावरून खाली झेप, जमिनीवर एखादी टिपणी, पुन्हा कठडा, असा त्याचा दिवसभराचा क्रम असतो.

हिवाळ्यात प्रत्येक थिरथिरा आपापला इलाका राखून एकटा राहतो. नर वेगळा, मादी वेगळी. आमच्या इमारतीची टाकी, समोरच्या बंगल्याची गच्ची आणि मधला प्लॉट हा आमच्याकडच्या नराचा इलाका आहे; कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या गच्चीपलीकडे दुसऱ्याचा सुरू होतो. ही सीमा कोणी सांगून कळत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस दोघे एकमेकांचा पाठलाग करतात, गच्चीवरून गच्चीवर हाकलून देतात, आणि दोन आठवडे लक्ष ठेवले की कोण कुठे थांबून परत फिरतो ते कागदावर काढून दाखवता येते. मी तसा नकाशा काढला आहे. नोव्हेंबरनंतर भांडणे संपतात आणि ज्याचे त्याला मिळालेले असते.

कॅमेऱ्याचा खरा उपयोग इथे होतो. ऑक्टोबरमध्ये काढलेल्या फोटोत नर थिरथिरा अस्सल काळा नसतो. छातीवर आणि पाठीवर राखाडी कडांची एक झालर दिसते आणि सगळा पक्षी धुळीने माखल्यासारखा वाटतो. वीण आटोपल्यावर त्याने जुनी पिसे टाकून नवी धारण केलेली असतात आणि या नव्या पिसांच्या कडा फिकट असतात. पुढच्या महिन्यांत ऊन, वारा आणि रोजचा वापर यांनी त्या कडा झिजत जातात आणि त्यांच्याखाली दडलेला काळा रंग उघडा पडतो. मार्चमध्ये तो परतीला निघतो तेव्हा छाती कोळशासारखी काळी असते. म्हणजे विणीच्या हंगामाचा त्याचा देखणेपणा नव्या पिसांचा नसून झिजलेल्या पिसांचा असतो. पुस्तकात हे एका ओळीत दिलेले असते आणि ती ओळ वाचून आपण पुढे जातो. त्याच टाकीच्या त्याच कडेवर बसलेल्या त्याच नराचे महिन्याला एक याप्रमाणे फोटो शेजारी शेजारी लावले की ही झीज टप्प्याटप्प्याने दिसते. यातला एकही फोटो स्पर्धेत पाठवण्याजोगा नाही. एकात मागे डिशची छत्री आहे, दुसऱ्यात वाळत घातलेली चादर. पण मला ते कोणत्याही सुंदर फोटोपेक्षा मोलाचे वाटतात, कारण घरून काढलेला फोटो ही आधी नोंद असते. त्याचे देखणेपण हा नंतरचा प्रश्न.

दुसरा पक्षी शेवग्यावरचा माशीमार. हा थिरथिऱ्याहूनही लहान, पाठीने तपकिरी, पोटाने मळकट पांढरा, आणि काळ्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे असलेला. ती शेपटी तो सारखी वर उडवतो, आणि पानांआडून कोरडी, करकरीत ‘ट्र्र्र’ ऐकू आली की तो आल्याचे कळते. घरबसल्या सोडवायचे सगळ्यात रंजक कोडे यानेच घातले आहे. एकमेकांसारखे दिसणारे दोन माशीमार मध्य भारतात हिवाळा घालवतात. एक लाल छातीचा माशीमार, जो पूर्व युरोपापासून पश्चिम आशियापर्यंतच्या जंगलांत वीण करतो आणि हिवाळ्यासाठी आफ्रिकेकडे न जाता आग्नेयेला वळून भारतात येतो. दुसरा टायगा माशीमार, जो सायबेरियाच्या जंगलांतून येतो. एक पश्चिमेकडून आणि एक उत्तर-पूर्वेकडून आलेला, आणि दोघे नागपूरच्या शेवग्यावर एकसारख्या माश्या पकडत असतात. पूर्ण वाढलेला नर असेल तर गळ्याचा नारिंगी रंग मदत करतो. लाल छातीच्या नरात तो छातीवर खालपर्यंत उतरतो आणि हिवाळ्यातही टिकतो, टायगात तो गळ्यापुरता असतो, त्याला खालून राखाडी किनार असते आणि हिवाळ्यात तो पुष्कळदा नाहीसाच होतो. पण आपल्या वाट्याला बहुतेक वेळा मादी किंवा पहिल्या हिवाळ्यातले पिल्लू येते, आणि त्यांच्या गळ्यावर रंगच नसतो.

अशा वेळी दोन ठिकाणे पाहावी लागतात. पहिले म्हणजे चोचीचा खालचा भाग: लाल छातीच्या माशीमारात तो मुळाशी फिकट, मांसल रंगाचा असतो, टायगाची चोच बहुधा सगळीच काळी. दुसरे म्हणजे शेपटीच्या मुळावर वरून पसरलेली आच्छादक पिसे: टायगात ती शेपटीहूनही गडद काळी असतात, लाल छातीच्या माशीमारात तितकी गडद नसतात. क्षणभरही स्वस्थ न बसणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत दुर्बिणीतून हे ठरवणे फार कठीण आहे. कॅमेऱ्याने मात्र सलग वीस-पंचवीस फोटो घेतले, तर त्यातल्या एखाद्यात चोच बाजूने स्पष्ट येते आणि एखाद्यात शेपटी उडवताना ती आच्छादक पिसे उघडी पडतात. आमच्या शेवग्यावरचा पाहुणा चोचीवरून लाल छातीचा दिसतो, पण शेपटीच्या मुळाचा निर्विवाद फोटो हाती येईपर्यंत माझ्या वहीत तो ‘माशीमार, बहुधा लाल छातीचा’ एवढाच राहील. ‘बहुधा’ लिहायला लाजू नये. फोटो पाठवला की क्षणात नाव सांगणारे जाणकार आता पुष्कळ झाले आहेत आणि त्यातले काही खरेच जाणकार असतात. तरी उत्तर मागण्याआधी चोच आणि शेपटी आपली आपण पाहावी.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. करडा धोबी सगळ्यांच्या आधी येतो, कधी कधी पावसाळा संपायच्या आत, आणि गच्चीवर कुठे पाणी साचले असेल तर लांब शेपटी वरखाली हलवत तिथे फिरतो. पांढरा धोबी नंतरचा. त्याचा आणि वर्षभर इथेच राहणाऱ्या मोठ्या धोब्याचा घोळ अनेकांचा होतो, पण मोठ्या धोब्याचे कपाळ काळे आणि त्यावर पांढरी भुवई असते, तर हिवाळी धोब्याचे कपाळ आणि चेहरा पांढरा असतो, एवढे पाहिले की प्रश्न मिटतो. राखी कोतवाल उंच झाडाच्या शेंड्यावर बसतो आणि त्याचे लालभडक डोळे फोटो मोठा केल्यावर स्पष्ट दिसतात. मोबाइलच्या मनोऱ्यावर एखाद्या हिवाळ्यात खरूची हा छोटा शिकारी पक्षी दिसतो. पर्ण वटवटे म्हणाल तर कडुनिंबाच्या पानांत हिरवट-पिवळट काहीतरी सतत हलत असते आणि त्याचा धड फोटो घेण्याची हौस मी सोडून दिली आहे. ते आवाजावरून ओळखावेत. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने तयार केलेले मर्लिन हे अॅप मोबाइलवर आवाज ऐकून नाव सुचवते, ते इथे उपयोगी पडते. सुचवते म्हणजे सिद्ध करते असे मात्र नव्हे.

आता वेळेबद्दल, कारण ‘पहाटे उठावे लागते’ ही सबब मला नेहमी ऐकवली जाते. घरून हिवाळी पक्षी पाहायला पहाटे उठण्याची गरज नाही. डिसेंबरच्या अखेरीस नागपुरात सूर्योदयच पावणेसातच्या सुमारास होतो आणि त्यानंतरही तासभर फारसे काही घडत नाही. थिरथिरा, माशीमार, धोबी हे सगळे कीटकांवर जगणारे. आणि कीटक थंड रक्ताचे असल्याने ऊन अंगावर पडल्याशिवाय हालचाल करत नाहीत. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. इतकी थंडी रोज नसते, पण पारा आठ-दहा अंशांवर असला तरी पक्षी सकाळी अंग फुगवून टाकीच्या पूर्वेकडच्या कडेवर ऊन खात बसलेले असतात. फोटोसाठी ही वेळ उत्तम, कारण ते हलत नाहीत; वागणूक पाहण्यासाठी आठ ते दहा उत्तम, कारण तेव्हा शिकार सुरू झालेली असते. डबा भरून, चहा घेऊन, स्वेटर घालून गॅलरीत उभे राहणाऱ्याला या दोन्ही वेळा सहज साधतात.

गॅलरीचे तोंड कोणत्या दिशेला आहे, यावर फोटोचे अर्धे यश ठरते, आणि ही गोष्ट महागडी लेन्स विकणारे कधी सांगत नाहीत. पूर्वेकडे तोंड असलेल्या गॅलरीतून सकाळी समोर पाहिले तर सूर्य पक्ष्याच्या मागे असतो आणि फोटोत नुसती काळी आकृती येते. त्या गॅलरीने दुपारी साडेतीननंतर काम द्यावे. पश्चिमेकडच्या गॅलरीला सकाळी सूर्य पाठीशी मिळतो, पण आपल्याच इमारतीची सावली समोर पडलेली असते, ती मागे सरकेपर्यंत वाट पाहावी लागते. उत्तरेकडची गॅलरी हिवाळ्यात थंडगार आणि कुबट म्हणून लोक तिला नावे ठेवतात. पक्ष्यांच्या फोटोसाठी मात्र तीच सगळ्यात भाग्याची, कारण या दिवसांत सूर्य दक्षिणेकडून फिरतो आणि समोरच्या झाडांवर जवळपास दिवसभर ऊन पडलेले असते. हिवाळ्याचा आणखी एक फायदा हिशेबाने काढता येतो. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि पक्ष्याच्या पोटाखाली काळी सावली पडते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तोच सूर्य भर माध्यान्हीही क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपासच चढतो. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर कॅमेरा बंद करावा लागतो, हिवाळ्यात अकरा वाजताही प्रकाश वापरण्याजोगा असतो.

मात्र अकराच्या पुढे दुसरीच अडचण सुरू होते. गच्चीचा स्लॅब आणि टिनाची छपरे तापू लागली की त्यांच्यावरची हवा थरथरते. डोळ्यांना ती जाणवत नाही, पण लांबच्या झूममधून घेतलेला फोटो विरघळल्यासारखा येतो. मग माणूस लेन्सला दोष देतो, कॅमेरा दुरुस्तीला नेतो, आणि दोष असतो मधल्या हवेचा. उपाय एकच: तापलेल्या गच्चीवरून आरपार फोटो घेऊ नये, जवळच्या झाडाकडे वळावे.

कॅमेऱ्याविषयी मला विचारले जाते, तेव्हा मी आधी दुर्बीण घ्या म्हणते. आठ पट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण आणि एक वही एवढ्यावर पहिला हिवाळा निभावतो. त्यानंतर फोटोची इच्छा टिकली, तर बदलत्या लेन्सचा जड संच घेण्याआधी लांब झूमचा एकसंध कॅमेरा पाहावा. निकॉनचा पी ९५० हा ८३ पट झूमचा किंवा कॅननचा एसएक्स ७० हा ६५ पट झूमचा कॅमेरा गॅलरीतून समोरच्या टाकीवरचा थिरथिरा चौकटभर आणतो. सेन्सर लहान असल्याने कमी उजेडात चित्र खरखरीत येते, हा त्यांचा दोष. पण नोंदीसाठी ते पुरेसे आहे.

काळ्या पक्ष्याबाबत एक युक्ती सांगून ठेवते, कारण थिरथिरा काढणाऱ्या प्रत्येकाची इथे पंचाईत होते. कॅमेरा जे पाहतो ते सरासरी मध्यम उजेडाचे आहे असे धरून चालतो. चौकट काळ्या पक्ष्याने आणि गडद पार्श्वभूमीने भरली, तर तो चित्र गरजेपेक्षा उजळ करतो आणि काळा नर राखाडी येतो. तेव्हा एक्स्पोजर थोडे उणे करावे. तोच पक्षी उघड्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर टाकीच्या टोकाला बसला असेल, तर कॅमेरा आकाशाच्या उजेडाला भुलून सगळे चित्र गडद करतो आणि पक्ष्याच्या जागी एक डाग उरतो. तेव्हा एक्स्पोजर अधिक करावे. पिसांच्या राखाडी कडांचा जो अभ्यास मी वर सांगितला, तो हे सांभाळल्याशिवाय होत नाही, कारण उजेड चुकला तर झीज पिसांची की कॅमेऱ्याची, हेच कळत नाही. बसलेल्या पक्ष्याला सेकंदाच्या पाचशेव्या भागाचा शटर पुरतो, शेपटी गोठवायची असेल तर हजारावा.

कॅमेरा टेकवायला आमच्याकडे कूलर आहे. नागपूरच्या घराघरांत खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर असतो, आणि होळीपर्यंत तो कोरडा, झाकलेला, निरुपयोगी पडून असतो. त्याच्या डोक्यावर तांदूळ भरलेली कापडी पिशवी ठेवली की लांब झूमला ट्रायपॉडहून चांगला आधार मिळतो, आणि कूलरच्या आड उभे राहिल्याने पक्ष्याला माणसाची पूर्ण आकृती दिसत नाही. खिडकीच्या काचेतून तिरपा फोटो घेऊ नये, पल्ला उघडावा. गॅलरीला कबुतरांसाठी नायलॉनची जाळी लावलेली असेल तर लेन्स जाळीला अगदी भिडवावी. दोरे इतके जवळ येतात की ते चित्रात उमटत नाहीत. मात्र जाळी सैल लोंबती ठेवू नये, कारण बुलबुल आणि चिमण्या तिच्यात अडकतात, हे मी समोरच्या विंगेत पाहिले आहे.

घरून फोटो काढण्यातली सगळ्यात नाजूक बाब तांत्रिक नाहीच. लांब झूमचा कॅमेरा लोकांच्या गच्च्यांकडे आणि खिडक्यांकडे रोखलेला असतो, आणि ज्यांच्याकडे तो रोखलेला आहे त्यांना पक्षी दिसत नसतो, कॅमेरा दिसत असतो. पहिल्याच हिवाळ्यात समोरच्या बंगल्यातल्या काकाजींनी गच्चीवरून विचारले, “काय ताई, आमच्या घराचे फोटो काढून राहिल्या का?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण विनोदही नव्हता. मी कॅमेरा घेऊन खाली गेले आणि त्यांना मागच्या पडद्यावर थिरथिरा दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो निरखला आणि म्हणाले, “हा तं आमच्या टाकीवर रोज बसते. मले वाटलं चिमणीच आहे.” आता ते कधी कधी फाटकातूनच सांगतात, आज आला होता, आज नाही आला. तेव्हापासून मी नियम केला आहे: ज्यांची घरे चौकटीत येतात त्या सगळ्यांना आधी सांगायचे, खिडकीच्या दिशेने कॅमेरा न्यायचा नाही, आणि फोटोत माणूस किंवा घराची ओळख आली तर तो कोणाला पाठवायचा नाही.

पक्षी जवळ यावेत म्हणून दाणे टाकावेत का, असाही प्रश्न येतो. माझे मत स्पष्ट आहे: टाकू नयेत. दाण्यांनी येतात ती पारवे, आणि पारव्यांची वस्ती एकदा झाली की बाकीचे पक्षी आणि शेजारी दोघेही दुरावतात. हिवाळी पाहुणे तर बहुतेक कीटकभक्षी. त्यांना ज्वारी-बाजरीशी काय घेणे? त्यांना पाणी हवे, तेही उथळ, बोटाच्या दोन पेरांहून खोल नाही, आणि रोज बदललेले. त्याहून उपयोगी म्हणजे झाडे. जानेवारी-फेब्रुवारीत शेवग्याला फुलोरा आला की त्याच्याभोवती माश्या, मधमाश्या जमतात आणि त्यांच्या मागे माशीमार, शिंजीर, चष्मेवाला. कढीपत्त्याची काळी फळे बुलबुलांना आवडतात. औषध फवारलेल्या बागेत मात्र यातले काहीच येत नाही, मग ती कितीही नीटनेटकी असो.

जानेवारीच्या मध्याला हा सगळा क्रम विस्कटतो तो मांजामुळे. नागपुरात संक्रांतीची पतंगबाजी जोरात असते आणि नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी देशभर बंदी घालूनही तो झाडांवर, तारांवर, अँटेनांवर लोंबताना दिसतोच. सुती दोरा पावसाने कुजतो, नायलॉन कुजत नाही; म्हणून संक्रांत संपली तरी धोका संपत नाही. घारी, बगळे, घुबडे त्यात अडकतात, पंख कापले जातात. घरून पक्षी पाहणाऱ्याने या आठवड्यात कॅमेऱ्याआधी दुर्बीण उचलावी आणि समोरच्या झाडांत कुठे दोरा लोंबतो का ते पाहावे. हाताशी येतो तेवढा गुंडाळून, तुकडे करून कचऱ्यात टाकावा. जखमी पक्षी सापडला तर त्याला पाणी पाजण्याची घाई न करता भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवून सेमिनरी हिल्सवरच्या वन विभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला कळवावे. दोरा पंखात रुतला असेल तर तो ओढून काढू नये, दोन्हीकडून कापावा.

फेब्रुवारीत रंग बदलतो. आमच्या लेआउटच्या ओपन स्पेसमध्ये एक काटेसावर आहे. ती पाने गाळून बसते आणि मग अंगभर लाल फुले घेते. त्या फुलांतल्या मधासाठी भोरड्यांचे थवे येतात आणि सकाळभर असा गलका करतात की खिडकी लावून घ्यावी लागते. मध्य आशिया आणि त्याच्या पश्चिमेकडच्या गवताळ प्रदेशात वीण करणाऱ्या या भोरड्या भारतात पावसाळ्यातच येऊन पोहोचतात, पण शहराच्या मधोमध घरासमोर दिसतात त्या सावर आणि पळस फुलल्यावर. त्यांच्याही पिसांचे थिरथिऱ्यासारखेच आहे. सुरुवातीला मळकट वाटणारा गुलाबी रंग कडा झिजल्यावर मार्च-एप्रिलमध्ये निखरतो. निष्पर्ण झाडामुळे फोटो सोपा होतो, आणि वर्षभर पानांआड दडून बसणारा तांबट, हळद्या, सकाळी फिरकी मारून जाणारी राखी धनेशाची जोडी, हे इथलेच रहिवासीसुद्धा याच दिवसांत उघडे सापडतात.

याच महिन्याच्या मध्याला चार दिवस जगभर पक्षीगणना होते. १९९८ साली अमेरिकेत सुरू झालेला हा उपक्रम २०१३ पासून भारतातही होतो आणि त्याचे नियम घरून पाहणाऱ्यासाठीच केलेले वाटावेत इतके सोपे आहेत: कुठेही किमान १५ मिनिटे थांबायचे, दिसलेल्या आणि ऐकू आलेल्या सगळ्या पक्ष्यांची जात व संख्या लिहायची, आणि यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरायची. आपल्याकडे राज्य शासनाने मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर ते सालिम अली यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर असा पक्षी सप्ताह २०२० पासून साजरा करायचे ठरवले, तोही हिवाळी पक्षी नुकते स्थिरावत असतानाच येतो. म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला एक आणि शेवटाकडे एक अशा दोन याद्या सहज होतात. यादीत पारवा, कावळा, साळुंकी टाळू नयेत. ‘विशेष काही दिसले नाही’ म्हणून यादी न भरणारे पुष्कळ आहेत, पण प्रतापनगरात फेब्रुवारीच्या एका सकाळी चिमण्या किती होत्या, हे पुढे कोणाला पाहायचे असेल तर ते त्याच साध्या यादीतून कळणार आहे.

नोंदीतला सगळ्यात अवघड भाग मात्र परतीचा आहे. पक्षी आला तो दिवस लिहिणे सोपे असते. काल नव्हता, आज आहे, तारीख टाकली की झाले. गेल्याचा दिवस असा कळत नाही, कारण शेवटचे दर्शन घडते तेव्हा ते शेवटचे आहे हे माहीत नसते. जानेवारीत रोज दिसणाऱ्या थिरथिऱ्याची नोंद आपण कंटाळून सोडून देतो आणि एप्रिलमध्ये लक्षात येते की तो बऱ्याच दिवसांत दिसलेला नाही. पण किती दिवसांत, ते वहीत नसते. म्हणून मार्च लागला की थिरथिरा आणि माशीमार या दोघांपुरती मी रोजची नोंद पुन्हा सुरू करते: दिसला, ऐकू आला किंवा नाही, यांपैकी एक शब्द, आणि जमल्यास टाकीवरचा एक फोटो, तो हललेला असला तरी चालेल, कारण त्याची तारीख आणि वेळ कॅमेऱ्याने आपणहून लिहून ठेवलेली असते. सलग दहा-बारा दिवस ‘नाही’ आले, की मागे जाऊन शेवटच्या ‘दिसला’भोवती पेन्सिलीने गोल करायचा.